मेंदूच्या बागेचा माळी

सांतियागो रामोन इ काहाल यांना चित्रकार व्हायचं होतं. १८५२ मध्ये स्पेनमधल्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर, त्यांच्या लेखी चित्रं म्हणजे वेळेची नासाडी. मुलाचं शाळेतही लक्ष लागेना, तेव्हा त्यांनी त्याला काही काळ न्हाव्याच्या आणि बूट शिवणाऱ्याच्या हाताखाली ठेवलं.

१८६८ च्या उन्हाळ्यात वडिलांनी वेगळा उपाय केला. दफनभूमीतली हाडं आणून ते मुलाला शरीररचना शिकवू लागले. हाडांची चित्रं काढता काढता मुलगा वैद्यकाकडे वळला. १८७३ मध्ये तो डॉक्टर झाला.

१८८७ मध्ये काहाल यांनी चांदीच्या क्षाराने रंगवलेले मेंदूचे काप पाहिले. ही पद्धत इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांची. मेंदू म्हणजे एकसंध जाळं, असं गोल्जी मानत. काहाल यांनी तीच पद्धत सुधारली, दिसेल ते कागदावर उतरवलं आणि १८८८ मध्ये उलट निष्कर्ष मांडला: प्रत्येक चेतापेशी सुटी असते. १९०६ चं नोबेल या दोघांना विभागून मिळालं.

पेशी सुट्या असतील, तर त्यांच्यातल्या जोडण्या बदलूही शकतात. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत काहाल यांनी हाच विचार मांडला. मेंदूला व्यायाम मिळाला की पेशींना फांद्या फुटतात, बागेची मशागत केल्यासारख्या. पुढे मात्र त्यांनीच प्रौढ मेंदूतले मार्ग कायमचे ठरलेले असतात, असं लिहिलं. अनेक दशकं तेच प्रमाण मानलं गेलं.

१९६० च्या दशकात अमेरिकेत बर्कलेच्या संशोधकांनी उंदरांना सोबती आणि सतत बदलती खेळणी दिली. एकट्या, रिकाम्या पिंजऱ्यातल्या उंदरांपेक्षा त्यांच्या मेंदूचं बाह्यपटल जाड भरलं. पुढे म्हाताऱ्या उंदरांतही असा बदल दिसला. काहाल यांचा आधीचा विचारच खरा ठरत होता.

त्यांचं स्वतःचं आयुष्यही त्याच विचाराला धरून होतं. व्यायाम, बुद्धिबळ, छायाचित्रण, कथालेखन असं काही ना काही चालूच असे. साठीत त्यांनी रंगीत छायाचित्रणावर पुस्तक लिहिलं. १९३४ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी ते गेले. त्याच वर्षी म्हातारपणावरचं त्यांचं पुस्तक निघालं. नवा छंद स्मृतिभ्रंश टाळेलच, अशी हमी विज्ञान देत नाही. पण शिकायचं वय सरलं, हे मात्र आता कारण राहिलेलं नाही.