रॉकेटच्या आधी माणसं तयार करणारे विक्रम साराभाई

श्रीहरिकोट्याहून रॉकेट सुटतं तेव्हा आता मोबाइलवर कंट्रोल रूम दिसते. ओळीनं संगणक आणि कानाला हेडफोन लावलेली माणसं. अशी माणसं तयार करायला डॉ. विक्रम साराभाईंनी सुरुवात केली तेव्हा देशाकडे स्वतःचं साधं रॉकेटही नव्हतं.

साराभाईंचा जन्म 12 ऑगस्ट 1919 चा, अहमदाबादच्या गिरणीमालकाच्या घरात. बसून खाल्लं असतं तरी सरलं नसतं. पण ओढ विज्ञानाची. केंब्रिजला शिकले, बंगळुरूत सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली विश्वकिरणांवर काम केलं आणि 1947 ला अहमदाबादेत संशोधन प्रयोगशाळा काढली.

1962 ला अवकाश संशोधनाची जबाबदारी आली. त्यांनी केरळातलं थुंबा हे मच्छीमारांचं गाव निवडलं, कारण चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळ जातं. तिथल्या चर्चची इमारत बिशपांनी देऊ केली. तेच ऑफिस झालं.

जागा मिळाली, पण काम येणारं कोणी नव्हतं. साराभाईंनी तरुण इंजिनिअर निवडून 1963 ला अमेरिकेत नासाकडे शिकायला पाठवले. त्यात अब्दुल कलाम होते, अरवमुदन होते. रॉकेट जोडायचं कसं, रडारनं त्याच्या मागावर राहायचं कसं, उडत्या रॉकेटकडून रेडिओवर येणारे आकडे टिपायचे कसे, हे सगळं ते तिथं शिकले. महिने लागले, पण साराभाईंनी घाई केली नाही.

21 नोव्हेंबर 1963. रॉकेट अमेरिकेचं होतं, चालवणार ही पोरं. कलामांकडे जोडणी अन् सुरक्षा, अरवमुदन यांच्याकडे रडार. ऐन वेळी क्रेनच्या हायड्रॉलिकला गळती लागली. ट्रॅक्टर-जेसीबीवाल्यांना हे दुखणं सांगायला नको. शेवटी सगळ्यांनी अंगाच्या जोरावर रॉकेट जागेवर बसवलं. संध्याकाळी ते उडालं आणि आकाशात सोडियमचा नारिंगी ढग उमटला.

पुढं 1967 ला अहमदाबादेत उपग्रह केंद्र उभं राहिलं, त्यात बाहेरच्या देशांची माणसंही शिकायला आली. 15 ऑगस्ट 1969 ला इस्रो झाली. खेड्यापर्यंत उपग्रहानं शेतीची माहिती पोचवायची, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

30 डिसेंबर 1971 ला कलाम दिल्लीहून फोनवर त्यांच्याशी बोलले. साराभाईंनी त्रिवेंद्रम विमानतळावर थांबायला सांगितलं. कलाम विमानातून उतरले तेव्हा कळलं, साराभाई गेले. वय अवघं 52.

1979 च्या ऑगस्टात एसएलव्ही-3 समुद्रात पडलं. मोहिमेचे प्रमुख कलामच होते. 18 जुलै 1980 ला त्याच रॉकेटानं रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. साराभाई असते तर पुढच्या महिन्यात 61 वर्षांचे झाले असते.