रेव्ह. नारायण शेषाद्री व बेथेल गांव

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या पलीकडे, कुंडलिका नदीच्या कांठीं, जालना शहर आहे. त्या शहराजवळ एकोणिसाव्या शतकांत बेथेल नांवाचें एक लहान ख्रिस्ती खेडें वसलें. तें ज्यांनीं वसविलें, त्या रेव्ह. नारायण शेषाद्री यांचें चरित्र आम्ही आज आपल्या खेड्यांतील बंधुभगिनींपुढें ठेवितों.

नारायणराव जन्मानें ब्राह्मण. मुंबईस स्कॉच मिशनच्या शाळेंत शिकत असतां त्यांच्या मनांत विश्वास उत्पन्न झाला, आणि 1843 सालीं रॉबर्ट नेस्बिट साहेबांच्या हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला. धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. परंतु तो वयानें लहान होता, म्हणून कोर्टानें त्यास बापाच्या हवालीं केलें. मिशनऱ्यांच्या घरीं राहिलेल्या या मुलास पुन्हां जातींत घ्यावें कीं नाहीं, यावर मुंबईंत मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनीं त्यास प्रायश्चित्त देऊन घ्यावें असा पक्ष धरिला. याप्रमाणें एका घरचे दोघे भाऊ दोन वाटांनीं गेले. ज्यांस विश्वासाकरितां घर सोडावें लागलें, त्यांस हें दुःख आम्हीं काय सांगावें?

त्याच वर्षीं स्कॉटलंडांतही मोठी फूट झाली. त्या देशांत पॅरिश म्हणजे एका चर्चच्या भोंवतालचीं खेडीं व वाड्या. उपासना, मुलांचें शिक्षण व गरिबांची तरतूद हीं सर्व त्या एका सीमेच्या आंत चालत. पॅरिशचा पाळक जमीनदारानें नेमावा कीं मंडळीच्या संमतीनें नेमिला जावा, हा वादाचा मुद्दा होता. सुमारें साडेचारशें पाळकांनीं आपलीं चर्चें व घरें सोडून फ्री चर्च स्थापिलें, व मुंबईचे मिशनरीही त्यास मिळाले. तेव्हां नारायणरावांचे गुरुही घर गमावण्याचा अर्थ जाणणाऱ्या मंडळीपैकींच होते.

1854 सालीं नारायणरावांस पाळकपणाची दीक्षा मिळाली, आणि पुढल्या दशकांत त्यांनीं जालन्यास काम आरंभिलें. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. मांग व महार लोकांपैकीं पुष्कळांनीं त्यांचें शिक्षण ऐकून बाप्तिस्मा घेतला. या लोकांस आपली म्हणावी अशी जागा पाहिजे होती. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनीं त्यासाठीं जमीन दिली, आणि बेथेल उभें राहिलें. बेथेल म्हणजे देवाचें घर. घरांतून पळालेला याकोब उशास धोंडा घेऊन जेथें निजला, त्या जागेचें हें नांव आहे. तें नारायणरावांसही साजे, व त्यांच्या लोकांसही.

1873 सालीं न्यूयॉर्क येथें इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली. तींत भाग घेऊन त्यांनीं आपल्या देशांतील कामाची हकीकत तेथील लोकांस सांगितली. 1891 सालीं समुद्रप्रवासांतच त्यांचा अंत झाला.

स्कॉटलंडच्या पॅरिशची सीमा ओढा, डोंगर व शेताचा बांध यांनीं ठरत असे. आपल्या गांवांची सीमा मात्र पाण्यावरून ठरे. कोणी कोणत्या विहिरीस शिवावें, यावरून माणसाची जागा कळे. ज्यांस गांवच्या विहिरीवर मनाई होती, त्यांच्यामध्यें एका ब्राह्मणानें आपलें आयुष्य वेंचिलें. आपल्या मंडळींत कोणी आपापल्या जातीप्रमाणें निराळा बसत असेल, तर त्यानें बेथेलच्या या पाळकाची आठवण करावी, इतकेंच आमचें मागणें आहे.