मामाची मुलगी आणि इरावतीबाई

औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यात मामाची मुलगी सून म्हणून आणण्यात कुणाला वावगे वाटत नाही. उत्तर भारतात मात्र हेच लग्न बहीण-भावाचे ठरते, आणि कर्नाटकाकडे सख्ख्या भाचीशीही सोयरीक जुळते. महाराष्ट्र या दोन रीतींच्या मधोमध आहे, हे सविस्तर मांडले डॉ. इरावती कर्वे यांनी, १९५३ साली निघालेल्या भारतातील नातेव्यवस्थेवरच्या इंग्रजी ग्रंथात.

त्यांचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून नाव पडले. शिक्षणासाठी सातव्या वर्षी पुण्यात हुजूरपागेत आल्या आणि रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढल्या. पुढे मुंबईत घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकल्या. महर्षी कर्वे यांचे पुत्र दिनकर हे त्यांचे पती. त्यांनी पत्नीला जर्मनीला पाठवायचे ठरवले. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षींना ते पटले नव्हते, हे विशेष!

१९२८ साली त्या बर्लिनला पोहोचल्या. तिथले मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे मानवी आनुवंशिकतेतले बडे प्रस्थ. गोऱ्या वंशाची बुद्धी वरचढ असते आणि कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावरून ते दिसते, अशी त्यांची धारणा. इरावतीबाईंनी निरनिराळ्या खंडांतल्या १४९ कवट्या मोजल्या. डाव्या-उजव्या बाजूंत फरक होता, पण त्याचा वंशाशी संबंध लागेना. पदवी ज्यांच्या हाती, त्यांचेच मत खोडायचे, तेही परमुलखात, विशी-पंचविशीतल्या मुलीने. त्यांनी आकडे जसे आले तसेच लिहिले आणि डॉक्टरेट घेऊन परतल्या. १९३३ नंतर हीच संस्था नाझींच्या वंशशुद्धीच्या कामाला जुंपली गेली.

१९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. मोजपट्टी, नोंदवह्या घेऊन त्या गावोगाव हिंडल्या. मराठी वाचकाला त्या ‘युगान्त’मुळे माहीत आहेत, पण कोण कुणाशी लग्न करतो, हा त्यांचा खरा ध्यास. १९७० साली त्यांचे निधन झाले.

नातेव्यवस्थेचा त्यांचा अभ्यास समाजशास्त्राचा होता, रोगांचा नव्हे. पण जनुकांची वाट लग्नावरूनच ठरते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते, आणि माणूस ठणठणीत राहतो. त्याला वाहक म्हणतात. आतेभाऊ-मामेबहिणीचे एक आजी-आजोबा सामाईक असतात, त्यामुळे सरासरी एक अष्टमांश जनुके दोघांत सारखी येतात. मामा-भाचीत हे प्रमाण एक चतुर्थांश. म्हणून तोच बिघाड दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. थॅलेसेमिया अशाच वाटेने येतो. नात्यातल्या लग्नांतून जन्मलेली बहुतेक मुले निरोगी असतात, हेही तितकेच खरे. आणि नात्याबाहेरचे दोन वाहक भेटले तरी धोका तोच.

आई-वडील दोघे वाहक असले, तर दर गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. पहिले आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशोब नसतो. फासा दर वेळी नव्याने पडतो. वाहक आहोत का, हे रक्ताच्या ‘एचबी ए२’ तपासणीत कळते, आणि ती लग्न ठरण्याआधीही करता येते.