थकव्याचा हिशेब मांडणारी इंजिनिअर

प्रॉडक्शनच्या कुठल्याही मुलाला ‘थर्ब्लिग’ म्हणजे काय असं विचारा, व्हायव्हासाठी घोकलेली व्याख्या तो धाडकन म्हणून दाखवेल. गिलब्रेथ हे आडनाव जरा इकडेतिकडे करून उलटं लिहिलं की थर्ब्लिग होतं, ही गंमतही बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण हे गिलब्रेथ दोघं होते आणि त्यातली एक बाई होती, हे आमच्या वर्गात फारच थोड्यांना माहीत आहे. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत लिहिताना थोडी धाकधूक वाटते. पण लिलियनबाईंवर लिहायचंच होतं.

जन्म २४ मे १८७८, कॅलिफोर्नियातलं ऑकलंड. घर सुखवस्तू, मुलगी लाजाळू. बर्कलेहून १९०० मध्ये बी.ए., १९०२ मध्ये साहित्यात एम.ए. इंजिनिअरिंगशी काडीचा संबंध नाही! १९०४ मध्ये लग्न झालं फ्रँक गिलब्रेथशी. हा गृहस्थ कॉलेजात कधी गेलाच नाही. सतराव्या वर्षी गवंडीकाम शिकायला लागला आणि पुढे मोठा कॉन्ट्रॅक्टर झाला. एक वीट बसवायला गवंडी १८ हालचाली करतो, त्या पाचावर आणता येतात, हे त्याने दाखवलं होतं. विटा कमरेच्या उंचीला ठेवल्या की दर वेळी वाकणंच संपतं. इतकं साधं! फ्रँकने हाताची हालचाल धरली. त्या हातामागचं मन बघायचं काम बाईंनी घेतलं आणि डॉक्टरेटसाठी मानसशास्त्र निवडलं.

तो काळ फ्रेडरिक टेलरच्या स्टॉपवॉचचा होता. ऑगस्ट १९११ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउन इथल्या सरकारी शस्त्र कारखान्यात मोल्डर लोकांवर घड्याळ लावलं गेलं आणि ते काम टाकून बाहेर पडले. प्रकरण पार अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीपर्यंत गेलं. कागदावर पद्धत चोख होती, पण माणसं बिथरली. आपण डिझाइन करताना फॅक्टर ऑफ सेफ्टी धरतो, मटेरियल दगा देईल म्हणून. माणूस थकेल, चिडेल, सोडून जाईल, हे मात्र कुठल्या फॉर्म्युल्यात बसवायचं?

हे मला इंडस्ट्रियल व्हिजिटला नीट कळलं. तिथल्या एका ऑपरेटरकाकांनी हळूच सांगितलं की साहेब घड्याळ घेऊन उभे राहिले की हात आपोआप सावकाश चालतो, नाहीतर उद्यापासून तेवढंच टार्गेट बसतं. म्हणजे रीडिंगच चुकीचं! मग त्या रीडिंगवर आखलेल्या प्लॅनिंगचं काय होणार?

लिलियनबाईंच्या कामाचा गाभा हाच होता. कामगाराला पद्धत आधी समजावून सांगा, त्याच्या सूचना घ्या, चांगल्या सूचनेचं श्रेय त्याला द्या. हे त्यांनी व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावरच्या पुस्तकात मांडलं. पुस्तक १९१४ मध्ये आलं, पण लेखकाचं नाव नुसतं एल. एम. गिलब्रेथ असं छापलं. लेखक बाई आहे हे कळलं तर पुस्तक खपणार नाही, अशी प्रकाशकाला भीती! त्याच प्रबंधावर बर्कलेने पीएच.डी. दिली नाही, कारण राहण्याचा नियम आडवा आला. बाईंनी दुसरा प्रबंध लिहिला आणि १९१५ मध्ये ब्राउन युनिव्हर्सिटीची पदवी घेतली. तोपर्यंत पदरात चांगली सहा मुलं होती. (एकूण बारा झाली. एक मुलगी लहानपणीच घटसर्पाने गेली.)

१९१६ मध्ये दोघांचं थकव्यावरचं पुस्तक आलं. थकवा म्हणजे कामगाराचा आळस नव्हे, ती कारखान्याच्या रचनेतली गळती आहे आणि ती मोजून कमी करता येते, असा त्यांचा रोख होता. रुमालांच्या घड्या घालणाऱ्या मुलींचं उदाहरण त्यात आहे. पाच मिनिटं काम, एक मिनिट विश्रांती, काही वेळ बसून तर काही वेळ उभ्याने. अशाने दिवसाचं काम वाढलं आणि मुली संध्याकाळी कमी दमल्या. योग्य उंचीच्या खुर्च्यांवर तर हे जोडपं इतकं बोलायचं की वाचताना हसू येतं. पण आमच्या वर्कशॉपमधली स्टुलं आठवली की हसू थांबतं.

१४ जून १९२४ ला फ्रँक रेल्वे स्टेशनवरून बायकोशी फोनवर बोलता बोलता हार्ट अटॅकने गेला. अकरा मुलं घरात. काहीच दिवसांत बाई बोटीने युरोपला निघाल्या, कारण लंडन आणि प्राग इथल्या परिषदांत फ्रँकची भाषणं ठरलेली होती. परत आल्या तर काही कंपन्यांनी कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवायला नकार दिला. कारखान्यात बाई कशाला, हा विचार! मग त्यांनी माँटक्लेअरच्या राहत्या घरातच मोशन स्टडीचे वर्ग घेतले, आणि जिथे बाईला दार बंद नव्हतं तिथून पुन्हा सुरुवात केली. मेसीज स्टोअरमधल्या मुलींचं काम पाहिलं, स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या उंचीचा अभ्यास केला. पायाने उघडायचा कचऱ्याचा डबा आणि फ्रिजच्या दारातले कप्पे त्यांच्याच नावावर सांगतात.

१९३५ मध्ये परड्यू युनिव्हर्सिटीत त्या प्रोफेसर झाल्या, इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या तिथल्या पहिल्या महिला प्रोफेसर. १९६५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगवर निवड झाली, तिथेही पहिली महिला. ऐंशी उलटल्यावरही लेक्चरसाठी प्रवास चालूच होता. २ जानेवारी १९७२ ला ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये त्या गेल्या, तेव्हा वय ९३ होतं. १९८४ मध्ये अमेरिकन पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं. त्यावर मात्र पूर्ण नाव आहे.