वस्तू जागेवर हवी म्हणणारा जेफ

आमच्या आजीला व्हिडिओ कॉल लावून दिला की पाच मिनिटांत हमखास हाक येते. बोलता बोलता बोट कुठेतरी लागतं आणि समोरचा चेहरा आक्रसून कोपऱ्यात जातो, नाहीतर गायबच होतो. आवाज येत असतो, पण माणूस गेला कुठे ते तिला कळत नाही. खरं सांगायचं तर मलाही दरवेळी कळतं असं नाही. अ‍ॅप आयकॉनमधून फुलत उघडतं आणि बंद होताना भलतीकडेच विरतं. एका अ‍ॅपमध्ये ज्या स्वाइपने आपण मागे जातो, त्याच स्वाइपने दुसऱ्यात मेनू उघडतो.

या घोळावर अर्धं आयुष्य घालवलेला माणूस म्हणजे जेफ रास्किन. गंमत म्हणजे, आयफोन यायच्या दोन वर्षं आधीच तो गेला.

९ मार्च १९४३ ला न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला जेफ आधी गणित आणि फिजिक्स शिकला, मग १९६७ मध्ये कम्प्युटर सायन्समध्ये मास्टर्स केलं. पुढे सॅन डिएगोच्या विद्यापीठात शिकवायला लागला, तेही चक्क व्हिज्युअल आर्ट्स विभागात. त्याला संगीताचं वेड होतं आणि तो मॉडेल ग्लायडरही बनवायचा. नोकरी सोडताना चॅन्सेलरच्या घरावरून हॉट एअर बलूनमधून उडत गेला, असं सांगतात.

१९७८ मध्ये तो अ‍ॅपलमध्ये आला, ३१ वा कर्मचारी म्हणून. काम होतं मॅन्युअल लिहिणाऱ्या विभागाचं. मला वाटतं त्याची नजर इथेच तयार झाली असणार, कारण मशीन कुठे विचित्र वागतं ते सगळ्यात आधी समजावून सांगणाऱ्यालाच कळतं. १९७९ मध्ये त्याने सर्वसामान्यांसाठी सोप्या कम्प्युटरचा प्रोजेक्ट सुरू केला आणि आवडत्या सफरचंदाच्या जातीवरून त्याला नाव दिलं, मॅकिंटॉश. १९८१ मध्ये स्टीव्ह जॉब्सने तो ताब्यात घेतला, १९८२ मध्ये जेफ बाहेर पडला. १९८४ ला बाजारात आलेला मॅक त्याच्या डोक्यातला राहिला नव्हता.

त्याच्या डोक्यातलं मशीन आलं १९८७ मध्ये, कॅनन कॅट. ना माऊस, ना आयकॉन. सगळं लिखाण एका लांबलचक कागदावर असल्यासारखं. स्पेसबारखालचं ‘लीप’ बटण दाबून ठेवायचं, हव्या त्या शब्दाची अक्षरं टाइप करायची, की कर्सर तिथे. परत सुरू केलं की काम जिथे सोडलं तिथेच तुम्ही. मला कॅट दिसायला कंटाळवाणा वाटतो, मी विकत घेतला नसता. तेव्हाही फारसा कुणी घेतला नाही. वीसेक हजार खपले आणि विषय संपला.

मग २००० मध्ये त्याने ‘द ह्युमेन इंटरफेस’ हे पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. माणसाचं लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर असतं, बाकीचं हात सवयीने करतो. मग एकाच कृतीचा परिणाम दरवेळी वेगळा आला तर सवय लागणार कशी? कॅप्स लॉक चुकून चालू राहिल्यावर काय होतं ते आठवा. त्याने झूमवर्ल्ड नावाची कल्पनाही मांडली. एक प्रचंड मोठा पसारा, त्यात प्रत्येक गोष्टीची ठरलेली जागा. लांबून सगळं दिसणार, जवळ गेलात की वाचता येणार. आजीला लाइट गेल्यावरही मोहरीचा डबा सापडतो, तसंच काहीसं.

२६ फेब्रुवारी २००५ ला स्वादुपिंडाच्या कॅन्सरने कॅलिफोर्नियात त्याचं निधन झालं. वय ६१.

पुढच्याच वर्षी त्याच्या मुलाने, एझा रास्किनने, इन्फिनिट स्क्रोल तयार केला. हो, तोच, ज्याला तळच नाही. काल रात्री बघितलेली पोस्ट त्यात परत शोधून दाखवा! आपण हे का बनवलं, याची खंत एझाने नंतर जाहीरपणे बोलून दाखवली आहे.