आनंदीबाईंचा पहिला हिवाळा

डॉ. आनंदीबाई जोशी म्हणजे पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली महाराष्ट्रीय स्त्री, हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ती पदवी त्यांनी कोणत्या हवेत आणि कसल्या खोलीत राहून मिळविली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. घर सोडून वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेत त्यांच्या चरित्राचा तोच भाग सांगणे उचित ठरेल.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी पोस्टखात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. स्त्रियांना व बालकांना वेळेवर उपचार मिळत नाहीत, ही खंत त्यांच्या मनात घर करून राहिली. पुढे ७ एप्रिल १८८३ रोजी, पतीला मागे ठेवून, त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. रोझेल या गावी श्रीमती कार्पेंटर यांनी त्यांना लेकीसारखे घरात ठेवून घेतले. ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण सुरू झाले. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या.

आणि मग हिवाळा आला. आपल्या बेंबळीच्या शिवारात पौषातली पहाट ज्वारीच्या पानांवर दव ठेवून जाते; ऊन वर आले की गारठा ओसरतो. फिलाडेल्फियाची थंडी तशी नव्हे. तिथे झाडे निष्पर्ण होतात, छपरांवर आणि रस्त्यांवर बर्फ साचतो, डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दुपारच्या उन्हातही ऊब नसते. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशा गावांत वाढलेल्या देहाला हा ऋतू सर्वस्वी अनोळखी होता.

परदेशी जाऊनही आपला धर्म, आहार आणि पेहराव सोडणार नाही, असे त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत जाहीर केले होते. पण नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहत आणि थंडी तिथेच झोंबे. अखेर त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. वस्त्र देशीच राहिले, नेसण बदलली. आज हा बदल किरकोळ वाटेल; त्या काळी मात्र त्यासाठी आपल्या माणसांचा रोष पत्करण्याची तयारी लागे. रूढी कुठवर पाळावी आणि देहाची गरज कुठे ओळखावी, याचा निर्णय त्या तरुणीने परमुलखात स्वतःच्या विवेकाने घेतला. शाकाहार मात्र त्यांनी सोडला नाही.

खोलीचा प्रश्न याहून कठीण होता. राहण्यास मिळालेल्या खोलीतील शेकोटीचे धुराडे नीट चालत नसे. विस्तव पेटवावा तर खोली धुराने भरे, न पेटवावा तर हाडे गोठत. धूर की गारठा, एवढीच निवड होती. त्यातच अभ्यास, रात्रीची जागरणे आणि अपुरा आहार. प्रकृती मूळचीच नाजूक. ती खालावत गेली आणि क्षयाने त्यांना गाठले. एकट्या थंडीला दोष देणे योग्य नव्हे, पण त्या खोलीने त्यांच्या देहावरचा भार वाढविला, यात शंका नाही.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. पंडिता रमाबाई त्या समारंभास उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली होती. मात्र नोव्हेंबरात त्या मायदेशी परतल्या त्या आजारी अवस्थेतच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

शिक्षणाची महती सांगताना आपण ग्रंथ, गुरू आणि जिद्द यांचा गौरव करतो. कोरडी खोली, स्वच्छ हवा, पुरेसे पांघरूण आणि पोटभर जेवण यांचा उल्लेख राहून जातो. मुलांना दुरून बोलावून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने आणि मूल दूर धाडणाऱ्या प्रत्येक पालकाने आनंदीबाईंची ती धुराने भरलेली खोली ध्यानी ठेवावी. जिद्द त्यांच्यापाशी उदंड होती. उणी पडली ती ऊब.

त्यांची रक्षा पुढे श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, तिचे जतन झाले आहे. त्या भूमीवर आजही हिवाळ्यात बर्फ पडतो.