बाळशास्त्री जांभेकर: छापखान्याला शिकवायला लावणारा प्राध्यापक

बाळशास्त्री जांभेकर म्हटलं की ‘दर्पण’ आठवतं. दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिन येतो, फोटोला हार घातला जातो आणि विषय तिथेच संपतो. पण बाळशास्त्री कॉलेजचे प्राध्यापकही होते, हे अनेकांना माहीत नसतं.

आज वाशिमच्या कॉलेजातली एखादी विद्यार्थिनी वर्गात न कळलेला भाग रात्री मोबाईलवर पुन्हा ऐकू शकते. वर्गातलं शिक्षण वर्गाबाहेरही हाताशी असावं, ही गरज जुनीच आहे. बाळशास्त्रींच्या काळात त्यासाठी उपलब्ध असलेलं नवं तंत्रज्ञान म्हणजे छापखाना.

पोंभुर्ले ते एल्फिन्स्टन

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ चा, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या पोंभुर्ले गावचा. मराठी आणि संस्कृतचा अभ्यास घरीच झाला. पुढे ते मुंबईला आले. तिथे सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांचं मार्गदर्शन मिळालं आणि इंग्रजी, गणित यांत त्यांनी झपाट्याने प्रगती केली.

बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी ही संस्था तेव्हा शाळांसाठी देशी भाषांमध्ये पुस्तकं तयार करत होती. ऐन तारुण्यात बाळशास्त्री तिथे डेप्युटी सेक्रेटरी झाले. पुस्तक लिहून घेण्यापासून ते छापून होईपर्यंतचं काम त्यांना जवळून बघायला मिळालं.

गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्ये मुंबईतून गेले. त्यांच्या नावाने उच्च शिक्षण सुरू करण्यासाठी लोकांनी दोन लाखांहून जास्त रुपये जमवले. या एल्फिन्स्टन कॉलेजात १८३४ मध्ये बाळशास्त्रींची असिस्टंट प्रोफेसर म्हणून नेमणूक झाली. या पदावर पोहोचलेले ते पहिले भारतीय. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं २२.

नेमकी अडचण काय होती?

कॉलेजात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवलं जायचं आणि त्याची पुस्तकं इंग्लंडहून यायची. मराठीत या विषयांवर वाचायला फारसं काही नव्हतं. शब्दसुद्धा नव्याने घडवावे लागत होते. हाताने नकला करायच्या तर वेळ जायचा, आणि उतरवताना एक आकडा चुकला तरी पुढचं सगळं गणित चुकायचं.

छापखान्याने हा प्रश्न सुटत होता. एकदा मजकूर तपासला की प्रत्येक प्रत सारखीच निघायची. त्यात शिळाप्रेसचा आणखी एक फायदा होता. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने मजकूर उतरवायचा, दगड ओला करायचा आणि वर शाई फिरवायची. ओल्या भागाला शाई चिकटत नाही, तेलकट रेघांनाच चिकटते. त्यामुळे खिळे न जुळवता अक्षरं आणि आकृत्या एकत्र छापता यायच्या. १८४५ मध्ये बाळशास्त्रींनी ज्ञानेश्वरीची पहिली छापील आवृत्ती काढली, तीही शिळाप्रेसवरच.

वर्गाबाहेरचा वर्ग

बाळशास्त्रींनी मराठीत व्याकरण, इतिहास आणि नीतिकथांची पुस्तकं लिहिली. ‘शून्यलब्धिगणित’ या पुस्तकात तर त्यांनी कॅल्क्युलस मराठीत आणलं. १८३२ मध्ये सुरू झालेल्या ‘दर्पण’मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी असायचा. १८४० मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढलं. त्यात भूगोल, इतिहास, रसायनशास्त्र, निसर्गशास्त्र यांवरचे लेख आणि नकाशे असायचे. ज्याला कॉलेजात जाणं शक्य नव्हतं, त्यालाही हे विषय घरी वाचता येऊ लागले.

इकडे वर्गात दादाभाई नौरोजी आणि केरोपंत छत्रे यांच्यासारखे विद्यार्थी घडत होते. नुसती पुस्तकं देऊन भागत नाही, ती शिकवणारा माणूसही तयार व्हावा लागतो. १८४५ मध्ये शिक्षक घडवणाऱ्या वर्गाची जबाबदारीही बाळशास्त्रींवर आली. कुलाबा वेधशाळेचं काम आणि प्राचीन शिलालेखांचं संशोधन होतंच.

मे १८४६ मध्ये तापाचं निमित्त झालं आणि वयाच्या ३४ व्या वर्षी बाळशास्त्री गेले. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ मध्ये, म्हणजे त्यानंतर ११ वर्षांनी. ज्या विद्यापीठीय शिक्षणाची तयारी त्यांनी केली, ते विद्यापीठ त्यांना बघायला मिळालं नाही.

२०१७ पासून ‘स्वयम’वर देशभरातल्या प्राध्यापकांची व्याख्यानं मोबाईलवर मिळतात. मुंबईत शिकवलेलं वाशिमला पोहोचायला आता क्षणही लागत नाही. पण पोहोचलेलं समजण्यासाठी ते आपल्या भाषेतही असावं लागतं. छापखाना मुंबईत बाळशास्त्रींच्या आधीपासून होता. कॅल्क्युलस मराठीत लिहायला मात्र एक प्राध्यापक बसावा लागला.